नो-पार्किंगमधलं चार्जिंग

माझी सून सरकारी इंजिनीयर आहे आणि मी तिची सासू. आमच्या दोघींचं पटतं यावर शेजाऱ्यांचा अजून विश्वास बसत नाही. भांडण ऐकू येईल या आशेने समोरचीने कितीतरी दिवस खिडकी उघडी ठेवली होती. शेवटी डास फार झाले तेव्हा बिचारीने लावून घेतली.

पटण्याचं खरं कारण म्हणजे भांडायला आम्हाला वेळच मिळाला नव्हता. लग्न झालं तेव्हापासून सुनेची नोकरी एका धरणावर होती. माझा लेक इथे छापखान्यात मशीन चालवतो, त्याला धरणावर कोण काम देणार? आणि तिला इकडे बदली कोण देणार? महिन्यातून एकदा ती यायची, लेकीचे केस विंचरून द्यायची, तिचे कपडे आखूड झालेत म्हणून हळहळायची आणि बॅग भरायला घ्यायची. नात माझ्या हाताखाली वाढली. माझ्या हाताखाली वाढली म्हणजे शिस्तीत वाढली, कारण मी सरकारी दवाखान्यात मेट्रन होते. निवृत्त झाले तरी गल्ली मला मेट्रनबाईच म्हणते आणि माझ्यासमोर कुणी चपला फरफटत चालत नाही.

मग एकदाची सुनेची बदली झाली. सामान घेऊन ती आली तेव्हा नातीने विचारलं, "परवा जाणार ना?" सून म्हणाली, "आता नाही जाणार." नातीचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुवायला गेले तर भांड्यात चार ब्रश होते. इतकी वर्षं तिथे तीनच असायचे. मी तिथेच उभी राहिले आणि मला रडू आलं. वॉर्डात कुणी मला रडताना बघितलेलं नाही, म्हणून हे मुद्दाम सांगते.

इथे तिला जे खातं मिळालं ते विजेच्या गाड्यांच्या चार्जिंगचं. लोकांनी पेट्रोल सोडून विजेच्या गाड्या घ्याव्यात म्हणून सरकारने जागोजागी चार्जिंग स्टेशनं उभी करायचं ठरवलं होतं. मला ही योजना मनापासून पटली होती, कारण आमच्याकडे तशी गाडी आहे. बायकोला भेटायला धरणावर जाता येईल या आशेने लेकाने ती घेतली, आणि वाटेत चार्जिंगची कुठेच सोय नाही हे त्याला अर्ध्या वाटेत गाडी थांबली तेव्हा कळलं. गाडी ट्रकवर चढून परत आली. तेव्हापासून तो ती छापखान्याच्या मागच्या सॉकेटला लावून चार्ज करतो, आणि गाडी गावातल्या गावात फिरते. बहुतेक वेळा मीच फिरवते. मी साठीनंतर चालवायला शिकले, त्यामुळे माझ्या बाजूला बसायला घरात कुणी फारसं तयार नसतं.

आता हे स्टेशन कुठे बांधायचं, ते मुख्यालयाने ठरवलं होतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते आपण ऐकलेलं असतं, पण यांनी उंटाच्याही वरून, आकाशातून काढलेल्या फोटोंवरून हाकल्या. कुठे सगळ्यात जास्त गाड्या सगळ्यात जास्त वेळ उभ्या असतात, ते फोटोत शोधायचं आणि तिथे खांब रोवायचे. आमच्या शहरात अशी एक जागा त्यांना सापडली, की कुठल्याही ऋतूतला कुठलाही फोटो घ्या, ती गाड्यांनी गच्च भरलेली. आणि गाड्याही त्याच त्या. असं इमानी गिऱ्हाईक दुसरीकडे कुठे मिळणार? मंजुरी झाली, कंत्राटदाराने चार खांब रोवले, तारा जोडल्या आणि तो गेला. मग माझी सून रुजू झाली आणि ते तयार स्टेशन तिच्या ताब्यात आलं. ती ते बघायला गेली.

ते पोलिसांचं जप्त गाड्यांचं आवार होतं.

तिथल्या गाड्या हलत नव्हत्या, कारण त्या हलणारच नव्हत्या. एक वाळूचा ट्रक होता, त्याच्या हौदात झाड उगवून त्याला फळंही धरली होती. काचा फुटलेली एक बस होती. एक आइस्क्रीमची गाडी होती, तिने काय गुन्हा केला होता ते आता कुणालाच आठवत नव्हतं. दर गाडीची केस कोर्टात, आणि कोर्टाचा निकाल लागेपर्यंत गाडी इंचभरही हलवायची नाही असा नियम. आवारात मोकळी जागा म्हणून फाटकाजवळ तेवढी एक होती. नो-पार्किंगमधल्या गाड्या उचलून आणणारी क्रेन त्या तिथे उतरवायची. दुसरीकडे पाय ठेवायला जागा नाही म्हटल्यावर कंत्राटदाराने त्या मोकळ्या जागेच्या कडेलाच चारही खांब उभे केले होते. फाटकावर पाटी होती, जप्त वाहनांखेरीज अन्य वाहनांना प्रवेश नाही.

आवार ज्याच्या ताब्यात होतं तो फौजदार माणूस वाईट नव्हता. देहाने मोठा, आवाजाने बारीक आणि नियमांवर त्याचं बायकोपेक्षा जास्त प्रेम. सुनेने त्याला लोकांच्या गाड्या आत येऊ द्या म्हणून विनंती केली तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, तुमचे खांब आत आले तेच बिनपरवाना. त्यांना मी जप्त केलं नाही, हे उपकार समजा."

सून तिच्या मोठ्या साहेबांकडे गेली. मोठे साहेब म्हणाले की जागा चुकली असं म्हणता येणार नाही, जागा वरून ठरलेली आहे. वापर दाखवा. तीन महिन्यांत वापर दिसला नाही तर जबाबदारी निश्चित करावी लागेल. जबाबदारी निश्चित करायची झाली की ती सगळ्यात नव्या माणसावर होते, हे आमच्या दवाखान्यातही तसंच होतं. जाता जाता साहेब म्हणाले, "धरणावरची तुमची जागा अजून भरलेली नाही."

हे सगळं तिने आम्हाला जेवताना सांगितलं. लेकाने मान खाली घातली. नातीने घास हातात तसाच धरला आणि म्हणाली, "मला माहीतच होतं." एवढंच. रडली असती तर मी समजूत काढली असती. त्या पोरीने उलट आईच्या ताटात स्वतःच्या भाकरीचा पापुद्रा काढून ठेवला, प्रवासाला निघालेल्या माणसाला द्यावा तसा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ठरवलं की हे काही मी होऊ देणार नाही.

मी विचार केला तो मेट्रन म्हणून. दवाखान्यात खाटा नेहमी भरलेल्या. रोगी पायी चालत आला की आम्ही दारातूनच सांगायचो, जागा नाही, दुसरीकडे जा. पण तोच रोगी अॅम्ब्युलन्समधून आला की त्याला परत पाठवायची कुणाची छाती नव्हती. ज्यांना हे कळलं होतं ते कोपऱ्यावर जाऊन अॅम्ब्युलन्स बोलवायचे आणि पन्नास पावलांचा प्रवास दिवा फिरवत करायचे. मला त्यांचा राग यायचा. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांचं कौतुक वाटलं. या आवारात गाडी स्वतःच्या चाकांवर जाऊ शकत नव्हती, पण उचलून आणली तर फाटक आपोआप उघडत होतं.

दुसऱ्या दिवशी मी गाडी काढली आणि मुख्य चौकात नो-पार्किंगच्या पाटीखाली लावली. नुसती लावली नाही, चांगली तिरकी लावली, म्हणजे संशय राहायला नको. मग समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसले.

क्रेनवाल्याला सगळे उचल्या म्हणतात. तो आला, गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्याच्या दोन्ही मुलांच्या जन्माच्या वेळी मी वॉर्डात होते.

"मेट्रनबाई, तुमची गाडी आहे का? घ्या बाजूला, मी बघितलंच नाही म्हणतो."

"मुळीच नाही. मी गुन्हा केलाय. उचल."

"अहो, तुम्ही समोर बसल्या असताना?"

"तू घरीही असाच कामचुकार आहेस का रे? तुझ्या बायकोला विचारते."

त्याने मुकाट्याने पुढची चाकं उचलली. मीही त्याच्या शेजारी क्रेनमध्ये चढून बसले. आपल्याच गाडीच्या पुढे बसून मिरवत जाण्यात एक वेगळीच मजा आहे.

आवारात गाडी बरोबर खांबाशेजारी उतरली. दंडाची पावती फाडणारा कारकून नेहमीप्रमाणे जागेवर नव्हता. तो कधी येईल ते त्यालाही माहीत नसायचं, म्हणजे वेळच वेळ होता. मी खांबाची वायर काढली आणि गाडीला लावली. फौजदार धावत आला.

"बाई, बाई. जप्त गाडीला हात लावायचा नाही."

"कोठडीत माणूस ठेवता तेव्हा त्याला जेवायला देता की नाही?"

"द्यावंच लागतं. नियम आहे."

"मग गाडीला का उपाशी ठेवता?"

फौजदाराने खिशातली नियमांची वही काढून चाळली. नियम म्हणजे त्याचा जीव, आणि या बाबतीत काही नियमच सापडत नव्हता. शेवटी म्हणाला, "पण पावती झाली की लगेच काढायची." मी म्हटलं, हो, पावती झाली की लगेच. कारकून दुपारच्या जेवणानंतर उगवला, तोवर गाडी पोटभर जेवली होती.

संध्याकाळी सून घरी आली ती फुलूनच. फोन नाचवत म्हणाली, "आई, आज पहिली गाडी चार्ज झाली. कुणी आत घेतली कोण जाणे, पण झाली." मी शेंगा सोलत होते. तिने फोनवर गाडीचा नंबर वाचायला सुरुवात केली, आणि अर्ध्यावर थांबली.

"आई, आज आपली गाडी कुठे होती?"

"उचलून नेली होती. चुकीच्या जागी लावली गेली."

"लावली गेली?"

"मी लावली, मग ती गेली."

माझी सून फार सरळ आहे. सरळ माणसाच्या चेहऱ्यावर हसू आणि राग एकदम आले की चेहरा फार गमतीशीर दिसतो. शेवटी रागाचीच सरशी झाली. "हे बरोबर नाही आई."

"काय बरोबर नाही? गाडी खरी, वीज खरी, दंडसुद्धा खरा. खोटी काय ती जागा, आणि ती तू निवडलेली नाहीस."

"पुन्हा करायचं नाही. शब्द द्या."

मी शब्द दिला आणि आठवडाभर पाळला. त्या आठवड्यात मी फक्त आमच्या कोपऱ्यावरच्या टॅक्सीवाल्याशी बोलले. त्याची टॅक्सी विजेची आणि चार्जिंगसाठी तो रोज शहराबाहेर जाऊन अर्धा दिवस घालवायचा. मी त्याला काही शिकवलं नाही. चौकातली नो-पार्किंगची पाटी किती छान रंगवली आहे, एवढंच म्हटलं आणि पुढचं सगळं त्याला आपोआप कळलं. टॅक्सीवाल्याला एखादी गोष्ट कळली की ती शहराला कळायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीतच आहे.

पंधरवड्यात चौकाचं रूप पालटलं. लोक नो-पार्किंगमध्ये गाडी लावून, डबा आणि वर्तमानपत्र घेऊन क्रेनची वाट बघत उभे राहू लागले. रांग मोडणाऱ्याला ओरडू लागले. "आम्ही आधीपासून चुकीचे उभे आहोत," असं म्हणताना एका सभ्य गृहस्थाला मी स्वतः ऐकलं. एक बाई तर फौजदाराकडे तक्रार घेऊन गेली की माझी गाडी सकाळपासून नियम मोडून उभी आहे आणि कुणी ढुंकून बघत नाही, मग आम्ही कर कशाला भरतो? उचल्याचं तर नशीबच उजळलं. आजवर त्याला शिव्या घालणारे लोक आता अदबीने फोन करून विचारायचे, दादा, आज जमेल का? पेट्रोलच्या गाड्या उचलणं त्याने बंदच करून टाकलं. त्यांचा काही उपयोग नाही, उगाच जागा अडवतात, असं तो म्हणायचा.

आणि फौजदार? त्याच्या आयुष्यात इतके लोक इतक्या आनंदाने दंड भरायला कधी आले नव्हते. वरून त्याला शाबासकी आली. त्याने आइस्क्रीमच्या गाडीशेजारी बसायला बाकं टाकली आणि बाकांवर बसण्याचे नियम लिहून लावले. आठवडा संपल्यावर मीही पुन्हा जाऊ लागले होते. दर दोन-तीन दिवसांनी पाटीखाली आमची गाडी दिसायची आणि उचल्या न विचारता ती न्यायचा. लेकाला छापखान्यात वायर ओढायचा त्रास वाचला. सुनेला हे सगळं दिसत होतं. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार काय? नात शाळेतून आली की आधी विचारायची, "आज किती गाड्या?" सून आकडा सांगायची आणि पोरगी त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खायची.

तीन महिने भरत आले तेव्हा आमचं स्टेशन सगळ्या स्टेशनांत पहिलं होतं. ते बघायला मुख्यालयातून उपसचिव बाई आल्या, न कळवता, स्वतःची विजेची गाडी स्वतः चालवत. बारीक अंगाच्या, बारीक केसांच्या, आणि अगदी सावकाश बोलणाऱ्या. फाटकावरच्या शिपायाने त्यांना अडवलं.

"मी कोण आहे माहीत आहे का तुम्हाला?" असं त्यांनी विचारलं म्हणतात. शिपाई म्हणाला, "कुणीही असा बाई. चौकात जाऊन नो-पार्किंगमध्ये लावा, आम्ही आणतो."

दुसरी कुणी असती तर शिपायाची नोकरी गेली असती. या बाई गेल्या आणि चौकात गाडी लावून आल्या. मी त्या वेळी आवारातच होते. क्रेनमधून, उचल्याच्या शेजारून, एक अनोळखी बाई पर्स सांभाळत उतरताना मी बघितली आणि सरकून बाकावर तिला जागा दिली. मी म्हटलं, पहिल्यांदाच आलात वाटतं. त्या म्हणाल्या, हो, पहिल्यांदाच. मग मी त्यांना वायर कशी लावायची, कारकून कधी येत नाही, कुठल्या बाकाला सावली असते, सगळं सांगितलं. माझ्या आयुष्यात मी इतकी मनमोकळी कुणाशी बोलले नसेन. हात दाखवून अवलक्षण ते यालाच म्हणतात.

तेवढ्यात सून धावत आली. तिचा चेहरा बघूनच मला कळलं की मी कुणाला सावलीत बसवलं होतं.

"ही पद्धत कुणाची?" उपसचिव बाईंनी सावकाश विचारलं.

सुनेला म्हणता आलं असतं, लोकांनी आपापली वाट काढली. तिने मान ताठ केली आणि म्हणाली, "माझ्या सासूबाईंची. पण स्टेशन माझ्या ताब्यात आहे, जबाबदारी माझी." त्या क्षणी मला तिचा इतका अभिमान वाटला, आणि स्वतःची इतकी लाज वाटली, की मी बाकावरून उठलेच.

उपसचिव बाई ट्रकमधल्या झाडाकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "बाकी शहरांत आमची स्टेशनं मोकळ्या सुंदर जागी आहेत. तिथे लोक वायरींवर कपडे वाळत घालतात. इथे लोक दंड भरून येतात." आणि त्या हसायला लागल्या. हसणं मात्र त्यांचं अजिबात सावकाश नव्हतं. "पुढच्या भिंतीला वेगळं फाटक पाडून घ्या, मी आदेश काढते. आणि तुम्ही मुख्यालयात या. जागा निवडायचं काम तुमच्याकडे देते. सासूबाईंनाच नेलं असतं, पण निवृत्त माणूस नियमात बसत नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टॅक्सीवाल्याने तर शिटी मारली. मी एकटी तशीच उभी होते. जिला घरात ठेवण्यासाठी मी चौकभर गुन्हे करवले, तिला माझ्याच गुन्ह्यांनी बढती देऊन घराबाहेर काढलं होतं.

मुख्यालय धरणापेक्षा जवळ आहे, पण रोज ये-जा करण्याइतकं नाही. नातीला शाळेचं वर्ष संपेपर्यंत इथेच राहावं लागणार होतं. सून म्हणाली, "मी नाही म्हणून कळवते." हे म्हणताना ती जेवणाच्या टेबलावर बोटाने रेघा ओढत होती. इथे दवाखाना, इथे बसचा थांबा, इथे बाजार, खांब मधोमध हवेत, असं मनातल्या मनात चाललेलं मला दिसत होतं. आकाशातून बघणाऱ्यांमध्ये एक तरी जमिनीवरून बघणारं माणूस हवं, हे मलाही कळतं.

"जा," मी म्हटलं. हे तोंडाने म्हटलं. मनाने मी तिचा पदर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

सोमवारी सकाळी तिला तिकडे हजर व्हायचं होतं. गाडी ती नेणार होती, म्हणजे शनिवार-रविवार घरी येता येईल. रविवारी सकाळी मी तोंड धुवायला गेले. भांड्यात तीन ब्रश होते.

मग मी जे केलं ते विचार करून केलं असं नाही, आणि विचार न करता केलं असंही नाही. नवं फाटक अजून कागदावरच होतं. रविवारी उचल्या कामावर असतो, पण पावतीवाला कारकून नसतो. रविवारी उचललेली गाडी सोमवार दुपारपर्यंत सुटत नाही. सोमवारी सकाळी हजर झाली नाही तर कदाचित ते दुसऱ्या कुणाला घेतील. कदाचित एकच दिवस जास्त मिळेल. मला एक दिवससुद्धा चालला असता. "ब्रेड घेऊन येते," असं ओरडून मी किल्ली उचलली, चौकात गेले आणि पाटीखाली गाडी लावली, तिरकी, उचल्यासाठी नेहमीसारखी किल्ली आतच ठेवून. यावेळी समोर बसून राहिले नाही. घरी आले. दिवसभर सगळे बॅगा भरण्यात होते, आणि चार वाजता मी गॅसवर चहा ठेवला.

बॅगा दारात आल्या. नातीने आईच्या पर्समध्ये आपली एक केसांची पिन टाकली. लेकाने खाली डोकावून विचारलं, "गाडी कुठे आहे?" मी चहा गाळत राहिले. गाळून झाला तरी गाळत राहिले.

खाली हॉर्न वाजला. उचल्याची क्रेन होती आणि तिच्या मागून आमची गाडी. गाडी फौजदार चालवत होता, साध्या कपड्यांत, आणि गाडी धुऊन पुसून लखलखीत केलेली होती.

"मेट्रनबाई," तो खालूनच म्हणाला, "उचल्याने फोन केला, की बाईंनी आजसुद्धा गाडी लावली आहे. मी म्हटलं, आज मॅडम जायच्या, म्हणजे चार्जिंगसाठीच लावली असणार. कारकून नाही, तर मी स्वतः फाटक उघडलं. शंभर टक्के भरली आहे. दंड नाही, समज देऊन सोडली." त्याने खरोखरच मला समज दिली. पाटीकडे लक्ष द्यावं, असं म्हणाला.

लेक पांढराफटक पडला. "अगं, मी काल छापखान्यात लावायचीच विसरलो. मला वाटलं, आईने नेली असेल तिकडे. रविवारी छापखाना बंद. गाडीत जेमतेम होतं, ती चौकाच्या पुढेसुद्धा गेली नसती."

मी काहीच केलं नसतं, घरात नुसती चहा गाळत बसले असते, तर ती त्या दिवशी गेलीच नसती.

सून माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते. "आई, तुमच्या लक्षात होतं?"

दवाखान्यात मी नातेवाइकांशी किती खोटं बोलले असेन, की बरे होतील, काळजी करू नका. ते मला कधी इतकं जड गेलं नव्हतं.

"होतं," मी म्हटलं.

तिने मला मिठी मारली. चहा कुणीच प्यायला नाही. गाडीत बसून तिने काच खाली केली तेव्हा मी विचारलं, "एवढ्यावर परत येता येईल का गं?"

"नाही आई. जेमतेम पोचेन. वाटेत एकही स्टेशन नाही."

"मग पहिलं तिथे बसव."

"वाटेत काय आहे? एक वळण आणि एक बंद पडलेला कारखाना. तिथे कोण येईल चार्ज करायला?"

"मी येईन," मी म्हटलं. "येऊन चुकीच्या जागी गाडी लावीन."

ती हसली, आणि हसता हसता गाडी गेली. नात वळणापर्यंत हात हलवत राहिली. मग माझ्याकडे वळून बघायला लागली. तिला मी वाढवलंय, तिच्यापुढे माझं काही चालत नाही.

"आजी," ती म्हणाली, "तू सकाळी ब्रेड आणायला गेली होतीस ना? ब्रेड कुठे आहे?"

मी तिच्याकडे बघितलं आणि तिने माझ्याकडे. मग मी पिशवी घेतली, तिने माझं बोट धरलं, आणि या वेळी आम्ही पायीच गेलो.